खटक्यानंतरचा स्वर

"आधी चहा, का आधी तक्रार?" दार उघडता उघडता मगदूमकाकांनी विचारलं.

मी म्हटलं, "माझी काही तक्रार नाही, काका."

"तुमची नसंल. माझी आहे की."

जयसिंगपूरला विजेच्या सामानाच्या दुकानावर त्यांचं घर होतं. वर येताना जिन्यात वायरींची भेंडोळी आणि पंख्यांची रिकामी खोकी ओलांडावी लागली. काकांचं वय ऐंशीच्या आसपास असावं. इस्त्रीचा सदरा, खिशाला दोन पेनं, कानावर केसांचे पांढरे झुपके. मला खुर्ची दाखवून ते समोर दिवाणावर बसले आणि उशीखालून कागद काढला. माझ्या ब्लॉगवरचा एक लेख त्यांनी नातसुनेकडून छापून घेतला होता.

"हे तुम्हीच लिहिलंय न्हवं?" चष्मा कपाळावरून खाली ओढून ते वाचायला लागले. "'प्रत्येक खटक्यानंतर बाईंचा आवाज क्षणभर पातळ लागतो आणि मग भरतो. टेपरेकॉर्डरला वेग घ्यायला लागणारा हा वेळ असावा.' असावा म्हणं. तुम्ही मशीन बघितलं होतं?"

"नाही."

"मग असावा कशावरनं?"

आतून काकूंचा आवाज आला. "अहो, पोरगी पुण्याहून आलीय. टेकू तरी द्या तिला. तुमचं मशीन कुठं पळून चाललंय?"

"तू चहा टाक," काका म्हणाले, आणि मला हळूच, "माझ्या मशीनचा हिला पहिल्यापासून राग."

मी हसले. त्या वर्षात मी फारशी हसले नव्हते.

त्याआधीच्या श्रावणात आई गेली. पक्षाघाताचा झटका आला आणि पहिली गोष्ट गेली ती वाचा. दवाखान्यात ती माझ्याकडे बघत राहायची, ओठ हलवायची. मी अंदाजाने पाणी द्यायचे, पांघरूण नीट करायचे, आणि ती डोळे मिटून घ्यायची. तिला नक्की काय हवं होतं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

दिवस झाले, सांगलीचं घर आवरलं, मी पुण्याला कॉलेजवर रुजू झाले. दिवाळीच्या सुमारास एक दिवस वर्गात हजेरी घेताना लक्षात आलं की आईचा आवाज मला आठवत नाही. ती काय बोलायची ते सगळं आठवत होतं. मी पुस्तकात डोकं घालून बसलेली असताना ती परसातून हाक मारायची, आणि मी उत्तर दिलं नाही की म्हणायची, "आधी ओ दे, मग काय ते वाच." शब्द जसेच्या तसे होते. त्यांच्यामागचा आवाज मात्र पुसल्यासारखा झाला होता. मी तो आठवायला गेले की माझाच आवाज ऐकू यायचा.

फोनवर ती आवाजी निरोप पाठवायची नाही, एकेक अक्षर टाइप करायची. माझ्या चुलतभावाच्या लग्नाच्या व्हिडिओत ती आहे, कोणाला तरी हात करून काही सांगते आहे, पण व्हिडिओवाल्याने सगळ्यावर सनईची धून चढवून ठेवली होती. ऑफिसातल्या तिच्या निरोपसमारंभाचे फक्त फोटो होते.

आणि तरी माझी आई गाणारी बाई होती. पाटबंधारे खात्यात कारकुनी करून ती वीसेक वर्षं कुमुदताई हेर्लेकरांकडे शिकली. बाईंच्या मैफलीत त्यांच्या मागे तंबोरा घेऊन बसायची. मी कॉलेजात असताना बाई वारल्या. आईने तंबोऱ्याला गवसणी घातली ती पुन्हा काढली नाही. तिची स्वतःची मैफल कधी झाली नाही. घरी गुणगुणायची, तेही कोणी ऐकतंय असं वाटलं की थांबायची.

तिच्या कपाटात बाईंनी दिलेल्या, त्यांच्या मैफलींच्या कॅसेटी निघाल्या. शिष्या मागून साथ करते, गुरूला दम लागला की मधली जागा भरते, हे मला माहीत होतं. म्हणजे या कॅसेटींमध्ये कुठेतरी आई गायलेली असणार. मी एक जुना डेक मिळवला आणि दर रविवारी एक कॅसेट ऐकायला लागले.

नुसतं ऐकत बसणं जमेना. हात रिकामे असले की मन भलतीकडे जायचं. म्हणून ऐकलेलं लिहायला लागले, आणि लिहिलेलं, सोबत ते रेकॉर्डिंग जोडून, ब्लॉगवर टाकायला लागले. आईबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. राग कोणता, बंदिश कोणती, बाईंनी समेवर येताना काय केलं, श्रोत्यांतून कोण खोकलं, असं सगळं. मला गाण्यातलं शास्त्र कळत नाही. मी इतिहास शिकवते. सनद वाचतात तशी मी ती कॅसेट वाचायचे. पहिले काही महिने कोणीच वाचलं नाही, मग धारवाडचे एक कट्टी म्हणून निवृत्त प्राध्यापक वाचायला लागले आणि माझे राग दुरुस्त करायला लागले. "हा भीमपलास आहे, बाई. धनाश्री नव्हे." अशी त्यांची टिप्पणी आली की मला बरं वाटायचं. रविवारी माझी वाट बघणारं जगात कोणीतरी होतं.

आई मात्र सापडली नाही. कॅसेटीमागून कॅसेटी संपत होत्या. तंबोऱ्याचा नाद होता, तबला होता, पेटी होती, बाईंचा भरदार आवाज होता. मागून साथ कुठेच नव्हती. फक्त अधूनमधून खट्ट असा आवाज यायचा, गाणं तुटायचं आणि थोडं पुढे जाऊन पुन्हा सुरू व्हायचं. त्या खटक्यांचा मला राग यायला लागला होता. त्याहून अधिक राग बाईंचा आला. उन्हाळ्यात एका लेखात मी लिहून गेले की बाईंनी मागे बसलेल्यांना कधी तोंड उघडू दिलेलं दिसत नाही. कट्टींनी त्यावर काही लिहिलं नाही. त्या आठवड्याला दुसऱ्याच माणसाची टिप्पणी आली. "रेकॉर्डिंग मी केलेले आहे. मशीनबद्दल चुकीचे लिहू नये. तक्रार असल्यास घरी येऊन करावी. बी. ए. मगदूम, जयसिंगपूर."

वर्षश्राद्धासाठी सांगलीला आलेच होते. तिथून जयसिंगपूर जवळ. मूळ कॅसेटी या माणसाकडे असतील, त्यांत खटके नसतील, असा माझा हिशेब होता.

काकूंनी चहा आणला, सोबत बशीत शेंगदाण्याचे लाडू. माझ्याकडे नीट बघून त्या म्हणाल्या, "वाळलीस गं. पुण्यात जेवायला मिळत नाही का?" आणि उत्तराची वाट न बघता आत गेल्या. त्यांची पुरणपोळीची कणीक मळून व्हायची होती. मी जेवूनच जायचं असं त्यांनी परस्पर ठरवलं होतं.

"काका, मूळ कॅसेटी आहेत तुमच्याकडे?"

"आहेत म्हणजे? सगळ्या." त्यांनी भिंतीतल्या कपाटाकडे बोट केलं. "बाईंना कॉपी दिली, मूळ माझ्याकडं. वर्षातनं एकदा सगळ्या फिरवून ठेवतो. नाहीतर चिकटतात."

"मग त्यांत ते तुटलेले भाग असतील ना?"

"कुठले तुटलेले?"

"जिथे खटका ऐकू येतो ते. बाई गाताहेत, मग खट्ट, आणि मग एकदम पुढे कुठेतरी."

काका हसले. लाडूचा तुकडा मोडून तोंडात टाकला आणि सावकाश चावून झाल्यावर म्हणाले, "अहो, ते तुटलेलं नाही. ते मी थांबवलेलं आहे."

"थांबवलेलं?"

"पॉझ. आता बघा, आमचं गाण्याचं मंडळ मला एका मैफलीला दोन कॅसेटी द्यायचं. मागितल्या तर खजिनदार म्हणायचा, घरी नेऊन लावण्या भरतोयस काय? आणि बाईंचा बडा ख्याल म्हणजे एका बाजूत मावायचा नाही. ऐन रंगात आल्यावर कॅसेट उलटायची म्हणजे जिवावर यायचं. मग मी युक्ती काढली." ते पुढे सरकले. ही गोष्ट त्यांनी पूर्वीही आवडीने सांगितलेली असणार. "बाईंना पुढं पुढं दमा होता. चार आवर्तनं झाली की पाणी प्यायच्या, घाम पुसायच्या. तेवढा वेळ मागं तंबोऱ्यावरची शिष्या भरायची. तेवढं मी थांबवायचं. बाईंनी परत सुरू केलं की सोडायचं. अख्खा ख्याल एका बाजूत. एक सूर बाईंचा वाया गेलेला नाही. तपासून बघा."

मी कप खाली ठेवला. बशीवर तो जरा वाजला.

"म्हणजे खटका आहे तिथे ती गायलेली आहे."

"कोण?"

"तंबोऱ्यावरची."

"हां. कमलताई म्हणून होत्या, सांगलीच्या. बाई त्यांना भरपूर गाऊ द्यायच्या. मान जराशी मागं केली की कमलताईंनी उचलायचं. कधी कधी इतकं गायच्या की मला वाटायचं, बाई मुद्दाम पाणी पीत बसल्यात."

"आणि प्रत्येक वेळी तुम्ही बटण दाबलंत."

माझ्या आवाजात काहीतरी आलं असावं. काका जरा सावध झाले. "तसं नव्हं. त्या तरुण होत्या हो. म्हटलं, ह्यांच्या पुढं स्वतंत्र मैफली होतील, तेव्हा घेऊ की सावकाश. बाई आज आहेत, उद्या नाहीत."

"तिला माहीत होतं?"

"कमलताईंना? अहो, त्यांच्यामुळंच तर जमायचं. मी स्टेजच्या कडेला बसायचा. सुरुवातीला माझा अंदाज चुकायचा, बाईंची शेवटची तान अर्धी कापली जायची. एकदा मैफल झाल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, दादा, बाईंचं कापू नका. मी तुमच्याकडं बघीन, मग दाबा. तेव्हापासनं तसंच. बाईंनी मान मागं केली की त्या आधी माझ्याकडं बघायच्या. मी बटण दाबलं की मान हलवायच्या, आणि मग आवाज लावायच्या."

खाली दुकानात कोणीतरी बल्ब तपासून बघत होतं. लागायचा, विझायचा.

मी म्हटलं, "ती माझी आई."

काकांनी चष्मा काढला.

"कमलताई?"

"मागच्या श्रावणात गेली. परवा वर्षश्राद्ध झालं."

माझ्या लेखाचा कागद काकांच्या मांडीवर होता. त्याची त्यांनी घडी घातली, मग उलगडली, मग पुन्हा घातली. माझ्या मनात दिवाळीपासूनचे रविवार फिरत होते. प्रत्येक लेखात मी खटक्यांच्या जागा लिहून ठेवल्या होत्या, वाचकांनी त्या सोडून पुढे जावं म्हणून. बरोबर त्याच जागी ती होती, आणि तिथे काहीच नव्हतं. तिने मान हलवून संमती दिली होती.

"तुम्ही सांगितलं नाही," काका शेवटी म्हणाले.

"मी तिच्याबद्दल लिहीत नव्हते."

"त्यांचा दुसरा आवाज कुठं...?"

"कुठेच नाही. म्हणून आले होते."

"माझ्याकडंही नाही, पोरी." 'तुम्ही' कधी सुटलं ते त्यांना कळलं नाही. "एवढ्या कॅसेटी आहेत, पण ते नाही."

मी उठायला हवं होतं. पण आत कणीक मळण्याचा धप धप आवाज येत होता आणि काकू मला उपाशी सोडणार नव्हत्या. काकाही अवघडून बसले होते. दुसरं काही सुचेना तेव्हा ते उठले आणि कोपऱ्यातल्या टेबलावरचं क्रोशाचं झाकण काढलं. खाली डेक होता. रुपेरी, एकही ओरखडा नसलेला.

"ते पातळ आवाजाचं तेवढं बघून जा," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "माझ्या मशीनला वेग घ्यायला वेळ लागत नाही. पॉझ सोडला की त्याच क्षणी. एवढं तरी माझं खरं आहे."

मला वाद घालायचा नव्हता. त्यांना या क्षणी काहीतरी खरं हवं होतं, हे दिसत होतं.

त्यांनी रिकामी कॅसेट घातली, ध्वनिमुद्रण सुरू केलं आणि माइकसमोर तोंड नेऊन "एक, दोन, तीन" म्हणायला लागले. मध्ये पॉझ दाबला, सोडला, पुढे म्हणत राहिले. मग मागे घेऊन ऐकवलं. खटका होता, पण त्यानंतरचा "पाच" आधीच्या "तीन"इतकाच जाड होता.

"बघितलंस?"

"हो. मग बाईंचा आवाज का पातळ लागतो?"

"बाई हळू लावायच्या आवाज. मी तसंच समजतो."

"प्रत्येक वेळी? आणि फक्त खटक्यानंतरच?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग कपाटातून एक कॅसेट काढली, जौनपुरी रागाची. त्यावर मी फाल्गुनात लिहिलं होतं. जागा शोधायला त्यांना वेळ लागला. बाईंची तान वरून खाली आली, समेवर पडली. खट्ट. एक पातळ, सरळ आकार, नुसता 'आ', पंचमावर धरलेला. आणि त्याच पंचमावर बाईंचा भरदार आवाज येऊन बसला.

"परत लावा," मी म्हटलं.

त्यांनी परत लावलं.

"बाईंनी स्वर उचलेपर्यंत त्या धरून ठेवायच्या," ते हळूहळू म्हणाले, जणू त्यांनाच आता आठवत होतं. "बाईंचं पाणी पिऊन व्हायचं असलं तरी. सोडायच्या नाहीत. बाईंना आयता मिळावा म्हणून. आणि मी बाईंचा पहिला सूर जाऊ नये म्हणून जरा आधीच सोडायचा पॉझ..."

मी ऐकत होते. खरं सांगायचं तर मला ओळखू आला नाही. ओळखायला आधी काही आठवावं लागतं. हा एखाद्या चांगलं शिकलेल्या मुलीचा स्वच्छ स्वर होता, एवढंच मला कळत होतं. काकांनी तिसऱ्यांदा लावला. मला वाटलं, म्हातारी माणसं मनाची समजूत करून घेतात तशी आपण दोघं घेतो आहोत.

आतला धप धप आवाज थांबला. काकू दारात आल्या, कोपरापर्यंत कणकेचे हात तसेच धरून.

"कमलताईंची कॅसेट कुठं सापडली ओ?" त्यांनी विचारलं.

काकांनी मशीन थांबवलं.

"गाडी नसली की मुक्कामाला असायच्या आपल्याकडं," काकू मला सांगायला लागल्या. मी कोण ते त्यांना अजून माहीत नव्हतं. "सकाळी माझ्या ओट्याशी उभ्या राहून भाकरी थापायच्या आणि असा आकार लावायच्या. एकच सूर, तव्यावरची भाकरी फुगेपर्यंत. हे बाहेर मशीन पुसत बसलेले असायचे. मी म्हणायची, अहो, ह्यांचं घ्या की भरून. तर म्हणायचे, घेऊ की, काय घाई आहे."

मग त्यांनी आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघितलं, आणि काकांनी त्यांना मी कोण ते सांगितलं.

जेवण झालंच. काकूंनी पोळीवर तूप सोडताना एकदा माझ्या पाठीवर हात ठेवला, तेवढंच. निघताना काकांनी त्यांच्याकडच्या सगळ्या मूळ कॅसेटी पिशवीत भरून दिल्या. मी नको म्हणत होते. ते म्हणाले, "असू दे. माझं काय, मला पाठ आहेत." जिन्यापर्यंत येऊन त्यांनी विचारलं, "ते मशीनबद्दलचं पुसशील न्हवं?"

"पुसते, काका."

"आणि तिथं काय लिहिशील?"

मी बघते म्हटलं.

पुण्याला येऊन मी दोन दिवस कॅसेटींना हात लावला नाही. मशीनबद्दलचं आणि बाईंनी कोणाला तोंड उघडू दिलं नाही हे, अशी दोन वाक्यं तेवढी काढून टाकली. रविवारी सकाळी दार लावून बसले. आईचं वर्ष तिथीने संपलं होतं आणि तिच्या कपाटातल्या कॅसेटीही लिहून संपल्या होत्या, त्यामुळे लिहायचं असं काही उरलं नव्हतं. जौनपुरी लावली. मग पूरिया, मग बाकीच्या. फक्त खटक्यांच्या जागा. एवढे महिने मीच त्या लिहून ठेवल्या होत्या, शोधाव्या लागल्या नाहीत.

प्रत्येक ठिकाणी तेच. खट्ट, आणि मधूनच सुरू होणारा तो आकार. सुरुवात नसलेला. किती वेळ चालला होता कोण जाणे. कुठे षड्जावर, कुठे पंचमावर, पण न हलता, न थरथरता, कोणी येऊन घेईपर्यंत धरलेला.

दुपार व्हायला आली असेल. एका कॅसेटीत बाईंना उशीर झाला होता आणि मगदूमकाकांनी घाई केली होती. तो स्वर इतर ठिकाणांपेक्षा जरासा लांब होता. तो ऐकताना मला सांगलीचं परस दिसलं. दोरीवरचे कपडे, हातातलं पुस्तक, संपत आलेलं पान. हाक मारताना आई माझ्या नावाचं शेवटचं अक्षर असंच लांबवायची. कंटाळायची नाही, आवाज चढवायची नाही. मी उत्तर देईपर्यंत सोडायची नाही.

मी कॅसेट मागे घेतली आणि पुन्हा लावली. बाईंचा आवाज यायच्या आत बटण दाबून थांबवली.

घरात कोणी नव्हतं. मी ओ दिली.